गोड्या पाण्याच्या गावात समुद्रपुष्प

समुद्रपुष्प हा फुलासारखा दिसणारा मांसाहारी प्राणी आहे. तो प्रवाळांचा जवळचा नातलग, पण कठीण प्रवाळासारखे चुन्याचे घर बांधत नाही. खाली खडक धरून ठेवणारा मांसल पाय, वर तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शकांची कडी एवढेच त्याचे शरीर. अन्न आत जाते आणि मळ बाहेर येतो तो त्याच एका तोंडातून. स्पर्शकांवर असंख्य दंशपेशी असतात. लहान मासा किंवा कोळंबी टेकली की त्यांतून सूक्ष्म विषारी धागे सुटतात. घरच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या उष्ण समुद्रातल्या जातींच्या शरीरात शिवाय एकपेशीय शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते.

नीट ठेवले तर हा प्राणी पाळणाऱ्यालाही पुरून उरतो. सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प काचेच्या बरणीत ठेवले होते. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. ‘ग्रॅनी’ या नावाने प्रसिद्ध झालेले त्यांचे समुद्रपुष्प १८८७ पर्यंत जगले. त्या बरणीला ना पंप होता, ना दिवा, पण समुद्राचे ताजे पाणी नेमाने मिळत होते. अर्थात ती जात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली, ऊनपावसाला सरावलेली. मुंबईत हाजी अली किंवा वांद्र्याच्या खडकांवर ओहोटीला दिसणारी समुद्रपुष्पेही तशीच सोशिक. प्रवाळभित्तीवरच्या जातींना हा सराव नसतो. त्यांच्या समुद्रात तापमान आणि खारटपणा फारसा हलतच नाही, आणि टाकीतही त्यांना तसाच स्थिर समुद्र लागतो.

मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला समुद्र रस्त्यापलीकडे होता. आळेफाट्याजवळच्या पिंपळवंडीसारख्या गावात तो सह्याद्रीच्या पलीकडे राहतो. कुकडी प्रकल्पाच्या या टापूत खारे पाणी घरीच बनवावे लागते आणि त्याची सुरुवात गोड्या पाण्यापासून होते. बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून येते म्हणून जड असते, बागायती भागात त्यात खतांचे नायट्रेट उतरलेले असू शकते, आणि नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचे क्लोरीन असते. यातले काहीच चालत नाही. पाणी आरओमधून आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून काढून टीडीएस मीटरवर शून्य दाखवेल असे करावे लागते. पिण्याच्या पाण्याचे घरगुती यंत्र इथे बहुधा अपुरे पडते, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात.

या पाण्यात मत्स्यालयासाठी बनवलेले सागरी मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम घालतात, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला सुमारे सात किलो. स्वयंपाकाचे मीठ कितीही ओतले तरी समुद्र होत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार त्यात नसतात. मिश्रण पंपाने घुसळत रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आले पाहिजे. तापमान २४ ते २७ अंश, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट मात्र अगदी शून्य नको. शैवालालाही थोडे खत लागते.

अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू टाकीतल्या खडकांत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्यावर एखादा मासा निभावतो, समुद्रपुष्प नाही. नव्या टाकीत पाण्याचे आकडे वरखाली होत राहतात, म्हणून किमान सहा महिने टाकी मुरू द्यावी. टाकीत सर्वांत शेवटी यायचा हा जीव बहुतेकदा सर्वांत आधी येतो, कारण त्याच्या स्पर्शकांत आसरा घेणाऱ्या क्लाऊनफिश माशासोबत तोच दुकानात नजरेत भरतो.

शेतीच्या गावात एक धोका शहरापेक्षा मोठा आहे, तो तांब्याचा. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद हा तांब्याचा क्षार, आणि माशांना सोसणारी तांब्याची मात्रासुद्धा समुद्रपुष्पाला मारू शकते. फवारणीची बादली, मग किंवा पाइप टाकीच्या कामाला कधीच वापरू नये. बागेतून आलेले हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पाण्यात घालू नयेत. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर मिळणाऱ्या अनेक औषधांतही तांबेच असते. आजारी माशाचा उपचार वेगळ्या भांड्यात करावा.

उन्हाळ्यात चिलर नसेल तर पाण्यावर पंखा सोडतात. बाष्पीभवनाने माठातले पाणी गार होते तसे टाकीचेही होते, आणि देशावरच्या कोरड्या हवेत हा उपाय मुंबईच्या दमट हवेपेक्षा चांगला लागू पडतो. पण उडते ते फक्त पाणी, मीठ मागे राहते. रोज उडालेल्या पाण्याची भर शुद्ध गोड्या पाण्यानेच घालायची. खारे पाणी ओतले तर खारटपणा चढत जातो. वीज गेली की प्रवाह थांबतो, आणि तापलेल्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. दिवे काही तास बंद राहिले तरी चालते. निदान एक पंप इन्व्हर्टरवर किंवा हवेचा पंप बॅटरीवर मात्र सुरू हवा.

नवख्याने निवडायची जात म्हणजे बबल टिप, शास्त्रीय नाव एंटाक्मिया क्वाड्रिकलर. तिला पाय खुपसायला खडकातली खाच लागते. हॅडनचे कार्पेट समुद्रपुष्प जाड वाळूत बसते आणि टाकीतले मासेही गिळते. मोठी टाकी आणि अनुभव नसेल तर ते घेऊच नये. दुकानात तोंड घट्ट मिटलेले, स्पर्शक चिकट आणि पाय अखंड असलेला प्राणी पाहावा. पांढराफटक म्हणजे शैवाल गमावलेला. भडक पिवळा किंवा गुलाबी बऱ्याचदा चक्क रंगवलेला असतो.

टाकीत सोडल्यावर समुद्रपुष्प आपली जागा स्वतः शोधते. पाय सरकवत ते फिरते, कधी पंपाच्या तोंडाशी पोहोचते आणि आत ओढले जाऊन चिरडले जाते. घरच्या टाक्यांत अशी दुर्घटना वारंवार होते, आणि फाटलेल्या शरीरातून सुटलेल्या द्रव्यांनी बाकीचे जीवही दगावतात. म्हणून प्रत्येक पंपावर स्पंज किंवा जाळी आधी बसवावी, प्राणी नंतर आणावा. प्रकाश रीफसाठीच्या एलईडीचा हवा, पण पहिले काही आठवडे मंद ठेवून हळूहळू वाढवावा.

खाऊ घालताना अतिप्रेम नडते. आठवड्यातून एकदा-दोनदा, तोंडाहून लहान असा कच्च्या कोळंबीचा किंवा माशाचा तुकडा पुरतो. मीठ, हळद, मसाला काही नको. गोठवलेल्या पाकिटातल्या कोळंबीला कधी फॉस्फेट लावलेले असते, तेव्हा वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी. मधूनच प्राणी आक्रसतो, तोंडातून तपकिरी मळ सोडतो आणि पुन्हा फुलतो; ते नेहमीचेच. पण तोंड तासन्‌तास आ वासलेले राहिले, अंग चिंध्यांसारखे सुटू लागले आणि घाण वास आला, तर दया न दाखवता लगेच बाहेर काढून पाणी बदलावे.

क्लाऊनफिशला टाकीत समुद्रपुष्प लागतेच असे नाही. शिकारी मासे नसलेल्या टाकीत तो त्याच्याविनाही सुखाने जगतो आणि अंडीही घालतो. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने भारतात क्लाऊनफिशची बंदिस्त पैदास केलेली आहे. सजावटीसाठी प्रवाळ आणणे मात्र थेट गुन्हा ठरतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ आहेत, त्यामुळे खडक सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे घ्यावेत.

बबल टिप रुळली की तिची दुसरी मिळवायला समुद्राकडे जावे लागत नाही. ती मधोमध फाटून दोन होते आणि काही दिवसांत दोन्ही भागांना तोंड येते. जास्तीची दुसऱ्या पाळणाऱ्याला देताना पाय ओरबाडून काढू नये. बसलेला दगडच उचलून द्यावा, किंवा पंपाचा झोत पायावर सोडून ती आपण होऊन सुटेपर्यंत थांबावे. पिशवीत पाणी थोडे आणि हवा जास्त भरून, वर दुसरी पिशवी चढवून ती थर्माकोलच्या खोक्यात ठेवली, तर पुणे किंवा नाशिकपर्यंतचा प्रवास ती सहज सोसते.