एक नकाशा, अनेक डोळे

कागदी नकाशावर भ्रमणध्वनीचा कॅमेरा धरावा आणि पडद्यावर त्याच नकाशावर स्थळांची माहिती उमटावी, अशा ‘मॅपलेन्स’ या साधनाची परीक्षा संशोधकांनी हेलसिंकी शहरात खेळाच्या रूपाने घेतली. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. निव्वळ पडद्यावरचा नकाशा वापरणारे चालता चालताच पाहत. मॅपलेन्सवाल्यांना मात्र थांबावे लागे. पोळ्याभोवतीच्या मधमाश्यांप्रमाणे ते नकाशाभोवती जमत, बोटाने दाखवीत, चर्चा करून वाट ठरवीत. साधन किंचित गैरसोयीचे, पण सहवास अधिक!

बिदरचा किल्ला वा महमूद गवानचा १४७२ सालचा मदरसा मुलांना दाखविताना हे ध्यानी असावे. प्रत्येकाच्या हाती वेगळा पडदा देण्यापेक्षा चौघांत एकच नकाशा द्यावा. मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या मुलांना मग एकमेकांशी बोलावेच लागेल.