ॲब्सिसिक आम्ल : वनस्पती-संप्रेरकाचा प्राण्यांतील दाह व चयापचय यांवरील परिणाम

प्रस्तावना

ठाण्याजवळील येऊरच्या डोंगरावरील आणि मुरबाड-शहापूरच्या जंगलांतील साग उन्हाळ्यात पाने गाळून पाण्याची बचत करतो. जमिनीतील ओल घटली की वनस्पतींत ॲब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि पर्णरंध्रे मिटतात. बीज सुप्तावस्थेत राहते, त्यातही याच संप्रेरकाचा मोठा वाटा असतो. १९६० च्या दशकात कापसाच्या कोवळ्या बोंडांतून ते वेगळे करण्यात आले आणि 'गळणे' या अर्थाच्या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. पाने गळण्यात इथिलीनचा वाटा अधिक असल्याचे पुढे स्पष्ट झाले. नाव मात्र कायम राहिले. हेच आम्ल मानवी रक्तातही अत्यल्प प्रमाणात आढळते. प्राण्यांतील त्याच्या कार्याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दाहावरील परिणाम

२००७ साली दोन परस्परविरोधी वाटणारे निष्कर्ष पुढे आले. इटलीतील जिनोआ विद्यापीठातील एलेना झोक्की व सहकाऱ्यांनी दाखविले की, मानवी कणिकामय श्वेतपेशी हे आम्ल स्वतः तयार करतात आणि त्यामुळे त्यांची हालचाल व जंतुभक्षण वाढते. म्हणजेच ते दाह चेतविते. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथील जोसेप बासागान्या-रिएरा यांच्या गटाला, लठ्ठ व मधुमेही उंदरांच्या आहारात हे आम्ल मिसळल्यास मेदऊतीतील दाह कमी होतो, असे आढळले.

हा विरोध समजून घेताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. जंतुसंसर्गाच्या वेळी उद्भवणारा तात्पुरता दाह शरीराचे रक्षण करतो. लठ्ठपणात मेदऊतीत दीर्घकाळ धुमसणारा दाह इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणतो. पेशी कोणती व परिस्थिती कोणती, यावर परिणामाचे स्वरूप अवलंबून राहते. २००९ मध्ये जिनोआच्या गटाने एलएएनसीएल-२ हे प्रथिन या आम्लाचा संदेश पेशीत पोहोचविण्यासाठी आवश्यक असल्याचे दाखविले.

चयापचयावरील परिणाम

स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशीही हे आम्ल तयार करतात. स्नायू व मेद यांच्या पेशींत ते ग्लुकोजवाहक प्रथिने पेशीपटलावर आणते. त्यामुळे रक्तातील साखर पेशींत शिरते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ग्लुकोज प्यायल्यानंतर निरोगी व्यक्तींच्या रक्तातील या आम्लाची पातळी वाढली. मधुमेही व्यक्तींत तशी वाढ दिसली नाही. २०१५ मध्ये मायक्रोग्रॅमच्या मापातील मात्रेने उंदीर व माणूस या दोहोंत साखरेची आणि इन्शुलिनचीही पातळी घटल्याचे नोंदविले गेले. कमी इन्शुलिनमध्ये साखर आटोक्यात येणे, हे या निष्कर्षाचे विशेष महत्त्व होय.

आहार व मर्यादा

अंजीर व जर्दाळू यांत हे आम्ल तुलनेने अधिक असते. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले पुरंदरचे अंजीर ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांच्या परिचयाचे आहे. म्हणून मधुमेही व्यक्तीने अंजीर भरपूर खावे काय? याचे उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. १०० ग्रॅम ताज्या अंजिरात सुमारे १६ ग्रॅम, तर सुक्या अंजिरात सुमारे ४८ ग्रॅम शर्करा असते. २०१९ मधील प्रयोगात मात्रा निश्चित केलेला अंजिराचा अर्क वापरला होता, अख्खे फळ नव्हे. शिवाय सहभागी व्यक्ती निरोगी व मोजक्याच होत्या.

निष्कर्ष

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि शहरांतील प्रमाण खेड्यांहून अधिक आहे. अशा वेळी 'नैसर्गिक' या एका शब्दावर विसंबून चालू औषध बंद करणे धोक्याचे ठरते. ॲब्सिसिक आम्लाच्या अभ्यासाने वनस्पती व प्राणी यांतील रासायनिक नात्यावर नवा प्रकाश टाकला आहे, हे निर्विवाद. तथापि उंदरावरील प्रयोगापासून रुग्णाच्या ताटापर्यंतचे अंतर मोठ्या व दीर्घकालीन मानवी चाचण्यांनीच पार करावे लागेल. तोवर अंजीर हे फळ म्हणून, बेताने व वैद्यकीय सल्ल्यानेच खाणे श्रेयस्कर.