लेव्हरकुझेनचा 'मोकळा माणूस'

२०२३-२४ चं बायर लेव्हरकुझेन कागदावर ३-४-२-१ खेळायचं. मी मात्र नजर विंगबॅकवर ठेवायचो. बॉल ताब्यात आला की ग्रिमाल्डो आणि फ्रिमपाँग थेट पुढच्या फळीत! म्हणजे हल्ल्याला पाच जण. मधे झाका शांतपणे पास फिरवतोय. समोरचा त्याला दाबायला धावला, की दुसरीकडे कुणीतरी मोकळा सुटणारच. सगळी गंमत त्या मोकळ्या माणसात. म्हणून तर त्या मोसमात सलग ५१ सामने हार नाही.

मग डब्लिनला युरोपा लीगच्या फायनलमध्ये अटलांटाने काय केलं? मैदानभर माणसामागे माणूस लावला. मोकळं कुणी उरेचना. लुकमनचे तीन गोल, ३-०, खेळ खल्लास!

पुढच्या वेळी सामना बघाल तेव्हा बॉलवरून नजर काढा आणि मोकळा कोण आहे ते शोधा.