बालकाची मान : वेळीच दक्षता हवी

मानेच्या दुसऱ्या मणक्यावर दातासारखा उंचवटा असतो. त्याच्याभोवती डोके वळते. लहानपणी तो मणक्याशी कूर्चेच्या पट्टीने जोडलेला असतो. साधारणतः वयाच्या ३ ते ६ वर्षांत या पट्टीचे हाड बनते. तोपर्यंत शरीराच्या मानाने डोके जड असल्यामुळे वाहन-अपघातात किंवा उंचावरून पडल्यास ही पट्टी तुटू शकते. अशा वेळीही हातपाय नीट हलू शकतात, म्हणून पालक निर्धास्त राहतात. परंतु मूल मान हलवू देत नसेल किंवा डोके हातांनी सावरत असेल, तर मान चोळू वा वळवू नये. ती स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वेळीच निदान होऊन मान आधारपट्ट्याने स्थिर ठेवल्यास ही इजा बहुधा शस्त्रक्रियेविना भरून येते.