फ्रीजरमधल्या मटाराचं ढेकूळ का होतं?

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार.

आजचा प्रश्न खारबावहून आलाय. फ्रोझन मटाराचं पाकीट फ्रीजरमधून काढलं तर दाणे सुटे नाहीत, एकच ढेकूळ. आत तर सगळं शून्याच्या खाली, मग हे चिकटवलं कुणी?

सोपं उत्तर: मध्ये वीज गेली, वरचा बर्फ वितळला, परत गोठला. बरेचदा तेच असतं. पण बर्फ न वितळताही चिकटतो, आणि खरी गंमत तिथे आहे.

दिवा-वसई गाडी खारबावला भरून आली की डब्यात मधोमध उभा असलेला माणूस हलू शकत नाही. दारातल्याची एक बाजू मोकळी, तो सरकतो. बर्फातही तसंच. आतला पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधाने धरून असतो. पृष्ठभागावरच्याला तीन शेजारी, कुठे कुठे दोनच. असा सैल रेणू जागा सोडतो, पलीकडे जाऊन बसतो, परत उठतो. या भटकण्याला पृष्ठभागावरचं विसरण म्हणतात. तापमान चढलं की ही ये-जा झपाट्याने वाढते. ० अंशाजवळ पोचेपर्यंत तर वरच्या थराची रचनाच मोडते: आत घट्ट बर्फ, वर काही नॅनोमीटर जाडीची पाण्यासारखी साय. (आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून अंदाज घ्या.) ‘बर्फ ० अंशाला वितळतो’ हे शाळेतलं वाक्य आतल्या बर्फापुरतं खरं. पृष्ठभाग आधीच फितूर झालेला असतो.

आता दोन दाणे एकमेकांना टेकले, दोघांवर बर्फाचा पातळ थर आहे. टेकल्या जागी एक बारीक खाच तयार होते. भटकता रेणू त्या खाचेत पोचला की त्याला जास्त शेजारी मिळतात, मग तो तिथेच मुक्काम ठोकतो. काही रेणू हवेतून वाफ होऊनही तिथे येतात. खाच भरत जाते, पूल तयार होतो. झालं ढेकूळ!

हे पहिल्यांदा मांडलं मायकल फॅरेडेनं, म्हणजे तोच विजेवाला. १८५० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने सांगितलं की बर्फाचे दोन तुकडे टेकवले की जुळतात, कारण त्यांच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. जेम्स थॉमसन म्हणाला, छे, दाबामुळे बर्फ वितळतो आणि दाब गेला की गोठतो. अनेक वर्षं पुस्तकांनी थॉमसनचीच बाजू उचलली. पण हिशेब करून बघा: एका वातावरणाच्या दाबाने द्रवणांक उतरतो जेमतेम ०.००७५ अंश. उणे १० अंशांवरचा बर्फ दाबून वितळवायला हजाराहून जास्त वातावरणांचा दाब लागेल. मटाराचं पाकीट कुठून आणणार तो?

आणि हे फक्त बर्फाचं नाही बरं का. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पण त्याच्या एका विशिष्ट पृष्ठभागावरचे अणू सुमारे ४० अंश आधीच रांग मोडतात. हे १९८५ साली नेदरलँड्समध्ये मोजलं गेलं.

मग आपल्याला काय त्याचं? भिवंडी तालुका म्हणजे गोदामांचा तालुका. फ्रोझन माल उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली ठेवा, असा एफएसएसएआयचा नियम आहे. उणे १८ हा आकडा जादूचा नाही, फॅरेनहाइटमध्ये तो ० येतो इतकंच. तिथेही रेणू थोडे भटकतातच, पण फार हळू. ट्रकचं दार उघडं राहिलं, माल उणे ५ वर आला, की न वितळताही कारभार वेग घेतो. बर्फाचे छोटे स्फटिक विरून मोठे वाढतात, दाण्याच्या पेशी फाटतात, आणि शिजवल्यावर मटार लिबलिबीत लागतो. म्हणून दुकानात पाकीट हलवून बघा. दाणे खुळखुळले तर घ्या. ढेकूळ असेल तर माल नासलाच असं नाही, पण वाटेत कुठेतरी तापमान चढलं होतं, हे बहुतेक नक्की.

घरी एक युक्ती बरेच जण करतात: वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवायचं, गावाहून आल्यावर नाणं खाली गेलेलं दिसलं तर फ्रीजर बंद पडला होता. युक्ती चांगली, पण नाणं बुडायला बर्फ खरोखर वितळावा लागतो. त्याआधीची गडबड मटारालाच कळते.