नवतप्याआधी बोनेट उघडा

गाडी आपली, देखभाल आपली : लेखांक सहावा

टायर मागच्या आठवड्यात झाले, आज बोनेटखाली जाऊ. मे अर्धा सरलाय, २५ तारखेला नवतपा लागेल, आणि शाळांना सुट्ट्या असल्यामुळे निम्मं नागपूर याच दिवसांत गाडी काढून शिर्डीला, पुण्या-मुंबईला, चिखलदऱ्याला नाहीतर पचमढीला निघतं. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत गाडी सगळ्यात जास्त पळते. निघायच्या आदल्या दिवशी आपण गाडी धुतो, टाकी फुल करतो, हवा भरतो आणि ओळखीच्या मेकॅनिकला सांगतो, "भाऊ, एकदा ऑइल-पाणी पाहून घे." भाऊ पाहतो, कमी असेल ते भरून देतो, आपण समाधानानं घरी येतो. गडबड या 'भरून देतो'मध्येच आहे.

गाडीत रोज खर्च होणाऱ्या पातळ वस्तू मोजक्याच. इंधन, काच धुवायचं पाणी आणि काही नव्या डिझेल गाड्यांत लागणारं युरियाचं द्रावण, ज्याला सगळे एडब्लू म्हणतात. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, ते उत्पादकही मान्य करतात. पण कूलंट आणि ब्रेक ऑइल ही बंद नळ्यांतली द्रव्यं आहेत. ती कमी झाली असतील तर कुठंतरी गेली असणार, किंवा आत काहीतरी झिजलं असणार. वरून भरलं की पातळी पुन्हा खुणेवर येते आणि गाडीनं दिलेली सूचना पुसली जाते. म्हणून भरण्याआधी एक प्रश्न विचारायचा: गेलं कुठं?

नागपुरात पहिला मान कूलंटचा. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५. एकाच गाडीनं एकाच रेडिएटरवर हे दोन्ही दिवस काढायचे असतात. इंजिन चालताना कूलंटचं तापमान साधारण ९० ते ९५ अंशांवर ठेवलेलं असतं आणि रेडिएटर ती उष्णता बाहेरच्या हवेला देतो. देवाणघेवाण चालते ती दोघांमधल्या फरकावर. डिसेंबरच्या सकाळी हवा १० अंशांवर असेल तर हा फरक ८५ अंशांचा. मेच्या दुपारी हवा ४५ वर गेली की तो उरतो ५०. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता फेकण्याची ताकद चाळीस टक्क्यांनी घटलेली. त्यात एसी सुरू, आणि एसीचा कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या पुढ्यात. रेडिएटरला मिळते ती कंडेन्सरनं आधीच तापवलेली हवा. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे काही सिग्नल बंद ठेवतात, कुठं वर हिरवी जाळी ताणतात. ती सोय माणसांसाठी. व्हरायटी चौकात अडकलेल्या गाडीला समोरून वाराच मिळत नाही, सगळा भार एका पंख्यावर येतो.

मग इथं पाणी गोठतच नाही, तर कूलंट कशाला? प्रश्न रास्त आहे आणि मेकॅनिक मंडळी तो हमखास विचारतात. "काही नाही होत साहेब, पाणी टाकून देतो." खरं सांगायचं तर उकळण्याच्या बाबतीत कूलंटचा फायदा वाटतो तेवढा मोठा नाही. पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे असलं तर साध्या दाबाला ते १०६ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम सहा-सात अंश वर. जास्त काम करतं ते रेडिएटरचं दाबाचं ढक्कन. आतला दाब वाढवून ते साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू १२० पर्यंत नेतं. या ढक्कनाचं रबर कडक झालं की शंभर टक्के खरं कूलंट भरूनही गाडी उकळते. काही शे रुपयांची ही वस्तू बदलायची मात्र कुणाला सुचत नाही, थेट रेडिएटर खोलायची भाषा सुरू होते.

कूलंटचा आपल्या भागात खरा उपयोग आहे त्यातल्या गंजरोधक रसायनांसाठी. इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बहुतेकदा बिडाचा किंवा अॅल्युमिनियमचा, त्यात पंप, थर्मोस्टॅट, रबरी पाइप. एवढ्या जातीचे धातू एका गरम पाण्यात बसवले की एकमेकांना खातात. त्यात बोअरचं पाणी पडलं तर बघायलाच नको. घरच्या कूलरच्या वाळ्यावर दोन महिन्यांत जो पांढरा थर चढतो, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून चढतो, फक्त दिसत नाही. रस्त्यात अडचण आलीच तर बाटलीबंद पाणी किंवा आरओचं पाणी घालून गाडी घरी आणावी, त्यात काही पाप नाही. पण नंतर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्यावं. कॉन्सन्ट्रेट घेतलं असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळायचं. 'स्ट्राँग' म्हणून नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणाऱ्यांची एक जात आहे. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे त्यांची गाडी जास्तच तापते. रंगावरही जाऊ नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हा कंपनीनं घातलेला रंग आहे, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घ्यायचं.

पातळी बघायची सकाळी, इंजिन थंड असताना. रेडिएटरचं ढक्कन उघडायची गरज नाही. बाजूला अर्धपारदर्शक प्लास्टिकची टाकी असते, तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा. चार-पाच वर्षांत हे प्लास्टिक पिवळं पडतं आणि आतलं काही दिसेनासं होतं. कधी जुनाच डाग पातळी म्हणून फसवतो. मोबाइलचा टॉर्च टाकीच्या मागून लावायचा आणि गाडीला हातानं हलका हेलकावा द्यायचा. पातळ आहे ते हलतं, डाग हलत नाही. पातळी उतरत असेल तर पाइपांचे सांधे, पाण्याचा पंप आणि रेडिएटरची खालची कड पाहा. गळून सुकलेल्या कूलंटची रंगीत पापडी तिथं बसलेली असते. गाडीखाली ओल दिसली की लोक म्हणतात, एसीचं पाणी असेल. पावसाळ्यात बहुधा तेच असतं. पण मेच्या कोरड्या हवेत एसीतून पाणी फार पडत नाही, तेव्हा बोट लावून बघा. पाणी असेल तर बोट कोरडं होऊन जाईल, कूलंट असेल तर बुळबुळीत, चिकट लागेल आणि गोडसर वास येईल. बाहेर काहीच गळत नसेल आणि तरी कमी होत असेल, तर ते आत जातंय, आणि मग हेड गॅस्केटची तपासणी टाळू नये. सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्यानं धुऊन टाका. कुत्रीमांजरं ते चाटतात आणि ते विष आहे. लहान मुलांच्या हाती डबा लागू देऊ नये.

गाडी तापलीच तर? अनेक नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. एसी बंद, हीटर फुल. होय, मे महिन्यात हीटर. तो इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो आणि बाजूला थांबेपर्यंतची दोन मिनिटं मिळवून देतो. मग इंजिन बंद. ढक्कनाला हात लावायचा नाही. आतलं पाणी शंभरच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं. ढक्कन सैल होताच त्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास सावलीत बसा. तापलेल्या इंजिनवर बादलीभर गार पाणी ओतणाऱ्या मदतगारांना नम्रपणे दूर ठेवा.

आता इंजिन ऑइल. "आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून जाड ऑइल टाका" हा सल्ला नागपुरात इतका रुजलाय की तो चुकीचा आहे हे सांगणाऱ्याकडेच लोक संशयानं बघतात. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. चालत्या इंजिनात ऑइल जवळपास तेवढंच तापलेलं असतं, बाहेर ४५ असो की २०. कूलिंग ठीक असेल तर ऑइलला नागपूर आणि महाबळेश्वर यांतला फरक फारसा कळतही नाही. अलीकडच्या काही मारुती पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ ऑइल सांगितलेलं असतं. अशा इंजिनाच्या फटी त्याच हिशेबानं घडवलेल्या असतात. त्यात २०डब्ल्यू-४० ओतलं तर सकाळी पहिल्या सेकंदांत ऑइल वरपर्यंत उशिरा पोहोचतं आणि मायलेजही उतरतं. जुन्या, पुष्कळ झिजलेल्या इंजिनची गोष्ट वेगळी, तिथं अनुभवी मिस्तरीचं ऐकावं.

गेज काढून बघायला दोन मिनिटं लागतात. गाडी सपाट जागेवर हवी. अंगणाचा उतारही पातळी चुकवतो. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, म्हणजे वर गेलेलं ऑइल खाली उतरतं. पिवळी कडी धरून गेज ओढा, जुन्या सुती कापडानं पुसा, पुन्हा शेवटपर्यंत खाली घाला आणि मग काढून वाचा. पहिल्या वेळी जे दिसतं ते नळीला लागलेलं ऑइल असतं, ते खरं नाही. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास, तेव्हा थोडं कमी दिसलं म्हणून अख्खा डबा उपडा करू नका. मॅक्सच्या वर गेलं की क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाला वंगण म्हणत नाहीत. डिझेल गाडीत ऑइल काही दिवसांत काळं पडतं, त्याला घाबरायचं कारण नाही. दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर मात्र गाडी सुरूच करू नका. कूलंट ऑइलमध्ये मिसळलंय आणि इंजिनकाम निघायच्या बेतात आहे.

बीएस ६ डिझेलवाल्यांना एक जास्तीचं काम आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जाळायला गाडी मधूनमधून जादा डिझेल खर्च करते. घर ते धरमपेठ एवढ्याच फेऱ्या असतील तर हे जळणं अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग गेजवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ते ऑइल पातळ झालेलं असतं, बदलूनच टाकायचं. बदललेलं जुनं ऑइल नालीत ओतू देऊ नका. नाग नदीत आधीच पुरेसं काही वाहतंय. रिकाम्या डब्याला तिथंच भोक पाडून घ्या, तो पुन्हा भरून विकला जातो.

ब्रेक ऑइलबद्दल थोडक्यात, पण कान देऊन ऐका. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलं की हीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. शहरात हा फरक जाणवत नाही. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचावर आहे, तिथून परतवाड्याकडे उतरताना जो सतत ब्रेकवर पाय ठेवतो त्याला तो जाणवतो. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, चाक दाबलं जात नाही, पॅडल फरशीला टेकतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदला, गाडी कमी चालली असली तरी. पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप थोडी उतरते, तेव्हा वरून न भरता आधी पॅड तपासा. एकदम उतरली असेल तर गळती आहे, गाडी जागेवरच ठेवा.

पॉवर स्टिअरिंगचं ऑइल आता बहुतेक छोट्या गाड्यांत नसतंच, काम विजेवर चालतं. एसीचा गॅस 'दरवर्षी भरायचा' नसतो. कमी झाला तर गळती शोधायची.

हे सगळं मेमध्येच का, तर समृद्धी महामार्गामुळे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता मोकळा झाला. शिवमडक्यावरून चढलं की तासन्‌तास १२० चा वेग. ८० वरून १२० वर गेलं की हवा कापायला लागणारी ताकद तिपटीहून जास्त होते, आणि तेवढी जास्तीची उष्णता इंजिनला बाहेर टाकावी लागते. जुन्या रस्त्यावर गाडी कुरकुरली तर दर दहा किलोमीटरवर गॅरेज होतं. इथं इंटरचेंजच्या मध्ये गाडी बंद पडली तर टोइंगची वाट बघत उन्हात उभं राहावं लागतं.

तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी एका सकाळी कूलंट, ऑइल आणि ब्रेक ऑइल यांच्या पातळ्या बघा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सहा दिवसांनी पुन्हा बघा. दोन्ही फोटोंत पातळी सारखी असेल तर खुशाल निघा. उतरली असेल तर काहीही भरू न देता गाडी गॅरेजमध्ये न्या आणि तेच दोन फोटो मेकॅनिकला दाखवा. पुढच्या आठवड्यात बॅटरी, कारण थंडीत दगा देणारी बॅटरी बहुतेकदा उन्हाळ्यातच खराब झालेली असते.