निघण्याआधीची हुरहूर

परदेशी शिक्षणाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा तिथे पोहोचल्यानंतरचे असते. प्रवेशपत्र हाती येणे आणि विमानात बसणे यांमधल्या चार-सहा महिन्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक विद्यार्थ्याची खरी उलघाल याच काळात होते. प्रस्तुत लेखात त्या अवस्थेचा थोडा विचार करावयाचा आहे.

निमित्त बेळगावच्या एका माजी विद्यार्थिनीचे. रसायनशास्त्राच्या पदवीनंतर तिला जर्मनीतील एका विद्यापीठात ऑक्टोबरच्या सत्रासाठी प्रवेश मिळाला. ती पेढे घेऊन आली. सगळे उठून गेल्यावर हळूच म्हणाली, "सर, रात्री झोप येत नाही. घरात बोलताही येत नाही. अब्बांनी प्लॉट विकायला काढलाय, आणि मी कोणत्या तोंडाने सांगू की मला भीती वाटते?" भीती वाटणे म्हणजे नाशुक्री, अशी तिची समजूत झाली होती. जाऊच नये, असा विचारही दोनदा येऊन गेला होता.

भाषेच्या अध्यापकाला अशा वेळी शब्दच आठवतात. उर्दूतील ‘इंतज़ार’ आणि ‘नज़र’ हे शब्द एकाच अरबी धातूपासून आले आहेत. मराठीत आपण ‘वाट पाहतो’. म्हणजे दोन्ही भाषांत थांबणे हे मुळात पाहणेच आहे. ‘इश्तियाक़’मध्ये ‘शौक़’ दडलेला आहे. ‘अंदेशा’ हा फारसीत विचार होता, उर्दूत येईपर्यंत त्याची धास्ती झाली. विचार फार केला की असे होतेच! मराठीने मात्र ओढ आणि धास्ती दोन्ही एकाच शब्दात बसविली, तो शब्द म्हणजे हुरहूर. ती लागलेल्या माणसाला ‘तू खूश आहेस की घाबरलेला?’ असे विचारण्यात अर्थ नसतो.

अर्थात या हुरहुरीला वजन येते ते पैशामुळे. जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्या-जेवण्याच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. त्यासाठी बहुतेक विद्यार्थी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२. पैसे विद्यार्थ्याचेच असतात व तिथे गेल्यावर दरमहा मिळतात, पण निघण्यापूर्वी ते सगळे एकदम उभे करावे लागतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय पदव्यांची तपासणी करून दिले जाणारे एपीएस प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. तेलंगणाने २०१५ मध्ये अल्पसंख्याकांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली, पण तिचा बेळगावच्या मुलीला काय उपयोग? तेव्हा प्लॉट विक्रीला निघतो, आणि मुलीच्या झोपेत तो प्लॉट येतो.

पूर्वी जे गेले तेही मोकळ्या मनाने गेले असतील असे नाही. डॉ. आंबेडकरांचे उदाहरण घेऊ. १९१३ च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. २ फेब्रुवारीला वडील रामजी वारले. ४ जूनला त्यांनी शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा वय बावीस. वडिलांचे जाणे, दहा वर्षांचे बंधन आणि कोलंबिया विद्यापीठ, हे सगळे अवघ्या सहा महिन्यांत. त्या तरुणाच्या मनात नेमके काय होते हे आपण सांगू नये, पण कागदावरची ती दहा वर्षे त्याच्या सामानात होतीच.

करार पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्याला आले. परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव पुसली गेली होती, असे त्यांनीच लिहिले आहे. बडोद्यात मात्र त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले, तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले. हा प्रसंग ज्या आत्मकथनात आहे त्याचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. हा व्हिसा परदेशाचा नव्हे, हे वाचताना लक्षात येते.

विद्यार्थिनीला मी आणखी एक नाव सांगितले, अतिया फ़ैज़ी. शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेण्यासाठी त्या १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. बहीण नाज़ली या जंजिऱ्याच्या बेगम, म्हणजे आपल्या मुरूडच्या. बहिणींसाठी उर्दूत लिहिलेला अतियांचा रोज़नामचा लाहोरच्या ‘तहज़ीब-ए-निस्वाँ’त छापून येत असे, पुढे ‘ज़माना-ए-तहसील’ या नावाने त्याचे पुस्तक झाले. अभ्यासक्रम मात्र पुरा झाला नाही, १९०७ मध्ये त्या परतल्या. हे ऐकून मुलगी जरा दचकली. "म्हणजे अर्धवट सोडून आल्या?" होय, अर्धवट. पुस्तक मात्र अजून वाचले जाते, आमच्या उर्दू विभागाच्या कपाटातही आहे. ती ते घेऊन गेली. (अद्याप परत केलेले नाही.)

पंधरा दिवसांनी फोन आला. अब्बांना तिने सगळे सांगितले होते. ते म्हणाले, "मलाही कुठे झोप येते? रात्री प्लॉटचे कागद काढून बसतो." आता दोघे रात्री दोनला चहा करतात, अम्मी ओरडते. बंगळूरला व्हिसाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. प्लॉटला अजून गिऱ्हाईक नाही, अर्धी रक्कम मामूंकडून येणार आहे.